कॅलिस्टोगाला जाण्यापूर्वी

प्रवासवर्णन प्रवासानंतर लिहावे असा संकेत आहे. तो मोडून आम्ही आधीच लिहायला बसलो आहोत, कारण ज्या सहलीविषयी सांगायचे आहे तिची नुसती आखणीच गेला दीड महिना आमचे घर व्यापून बसली आहे. सहल एका दिवसाची आहे. ठिकाण कॅलिस्टोगा, कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याच्या उत्तर टोकाला वसलेले जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव, फ्रीमाँटमधल्या आमच्या घरापासून मोटारीने साधारण दोन तासांवर. प्रयोजन वाइनच्या आस्वादाचे. जाणारे तिघे: आम्ही दोघे आणि निफाड तालुक्यातून पाच महिन्यांसाठी आलेले आमचे अण्णा. अण्णांचे वय चौऱ्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, आणि उभे आयुष्य द्राक्षाच्या मांडवाखाली गेलेले. आमच्यापैकी एकाचे ते वडील आणि दुसऱ्याचे सासरे. हाक मात्र दोघांचीही एकच.

त्यांचा मुक्कामसुद्धा द्राक्षानेच ठरवला आहे. एप्रिलची खरड छाटणी उरकून ते विमानात बसले आणि ऑक्टोबरच्या छाटणीआधी त्यांना परत जायचे आहे. नाशिककडे वेल वर्षातून दोनदा छाटावा लागतो, कारण तिथला हिवाळा त्याला झोपवू शकत नाही. झोप आणि जाग दोन्ही माणसाने कात्रीने घडवायची. इथे थंडीच ते काम करते. छाटणी हिवाळ्यात एकदा, मार्चच्या सुमारास डोळे फुटतात, तोडणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे अण्णांच्या दोन छाटण्यांच्या मधल्या फटीत इथला हंगाम नेमका बसतो. हे ध्यानात आले तेव्हा आम्हांला कोण आनंद झाला! सॅन फ्रान्सिस्कोचा पूल दाखवून झाला होता, देवळे दाखवून झाली होती, आणि अण्णा दुपारभर परसातल्या गवताकडे बघत बसू लागले होते.

खोऱ्यातल्या इतक्या गावांतून कॅलिस्टोगाच का, याचे प्रामाणिक उत्तर वाङ्मयीन आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1880 साली लग्न करून मधुचंद्रासाठी इथे आला होता. खिसा रिकामा, फुप्फुसे नाजूक. गावातला खर्च परवडेना म्हणून नवपरिणीत जोडपे शेजारच्या माउंट सेंट हेलेना डोंगरावर, बंद पडलेल्या चांदीच्या खाणीतील कामगारांच्या पडक्या खोल्यांत जाऊन राहिले. त्या मुक्कामावर त्याने 'द सिल्व्हराडो स्क्वॉटर्स' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात एक प्रकरण नापाच्या वाइनवर आहे. जेकब श्रॅम या जर्मन बागाईतदाराकडे जाऊन त्याने एकामागून एक वाइन चाखल्याची हकिगत त्यात येते. त्या काळी या खोऱ्याला नाव नव्हते. कोणत्या मातीत कोणता वेल लागेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. लोक एकेका कोपऱ्यात एकेक जात लावून बघत, फसत आणि पुन्हा लावत. स्टीव्हन्सनला यात खाणकाम दिसले: सोन्याची शीर शोधणारा जसा खणत जातो, तसा हा माणूस लावत जातो. हे प्रकरण आम्ही पूर्वी वाचले होते ते त्यातल्या गद्यासाठी. आता वाचताना त्यात दुसरेच काही दिसले. ते पुढे येईलच.

गावाचे नावही एका बोबडीतून आले अशी आख्यायिका आहे. सॅम्युएल ब्रॅनन नावाच्या धनाढ्याने 1860च्या दशकात इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर विलासी विश्रामधाम उभारले. न्यूयॉर्क राज्यातील साराटोगासारखे कॅलिफोर्नियाचे साराटोगा करू, असे म्हणता म्हणता, बहुधा पोटातल्या पेयाच्या प्रभावाने, तो 'साराफोर्नियाचे कॅलिस्टोगा' असे बोलून गेला. आख्यायिका खरी असो वा नसो, या गावाला ती शोभते. पुढे ब्रॅनन कफल्लक होऊन मेला. झरे अजून वाहतात, राखेच्या चिखलात गळ्यापर्यंत बुडून बसण्यासाठी लोक पैसे मोजतात, आणि साखळी उपाहारगृहांना गावाने बंदी घालून आपला मुख्य रस्ता जुनाट ठेवला आहे.

आता आखणीविषयी. नापाला जाऊन मनात येईल त्या दारात शिरावे ही कल्पना आमच्यासारख्या अनभिज्ञांचीच. 1990 साली नापा परगण्याने वायनरी म्हणजे काय याची व्याख्या करणारा कायदा केला. त्यानंतर उघडलेल्या वायनरींत आधी वेळ ठरवल्याशिवाय चाखायला बसता येत नाही. बागा राहाव्यात, जत्रा होऊ नये, हा हेतू. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: नव्या वायनरीने आपल्या वाइनसाठी किमान 75 टक्के द्राक्षे नापातलीच वापरली पाहिजेत. त्याही आधी, 1968 साली, खोऱ्यातली जमीन शेतीसाठी राखून ठेवण्याचा निर्णय झाला होता. तेव्हा आपण जे निसर्गसौंदर्य म्हणून बघायला जातो ते बऱ्याच अंशी कागदावर लिहून, भांडून राखलेले आहे.

चाखण्याचे शुल्क दरडोई 50-60 डॉलरच्या खाली फारसे सापडत नाही आणि शंभराच्या पुढे सहज जाते. एका दिवसात तीनपेक्षा अधिक ठिकाणे करू नयेत असे जाणकार सांगतात, कारण तिसऱ्यानंतर जिभेला काही कळत नाही. घोट तोंडात घोळवून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, आणि खरे दर्दी थुंकतातच. अन्नोदक थुंकू नये अशा संस्कारात वाढलेल्या आम्हांला ही गोष्ट वाइन पिण्यापेक्षा अवघड वाटते. शिवाय गाडी चालवणाऱ्याने कोरडे राहायचे. आमच्या यादीत मग तीन नावे आली: स्टीव्हन्सनमुळे श्रॅम्सबर्ग, पॅरिसमुळे शॅतो माँटेलेना, आणि तिसरे गावाबाहेरचे एक लहानसे, कुटुंबाने चालवलेले.

पॅरिसची कथा थोडक्यात अशी. 24 मे 1976 रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत पहिली आली माँटेलेनाची 1973ची शार्डने, तांबड्यांत स्टॅग्ज लीपची 1973ची कॅबर्ने सॉव्हिन्यॉ. नापाचे नाव जगात झाले ते त्या दिवसापासून. मात्र माँटेलेनाच्या त्या बाटलीतली बरीचशी द्राक्षे कॅलिस्टोगाची नव्हतीच; ती शेजारच्या सोनोमा परगण्यातल्या शेतकऱ्यांकडून विकत घेतलेली होती. बाटली आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. द्राक्ष पिकवणाऱ्यांची नावे तिच्यावर नाहीत.

इथवर सारे सुरळीत होते. खोट एवढीच होती की आम्ही अण्णांना यातले काहीच सांगितले नव्हते. 'द्राक्षाच्या बागा बघायला जाऊ,' इतकेच म्हणालो होतो. विधान खोटे नव्हते, अर्धे होते. माळकरी माणसाला दारूच्या कारखान्यात कसे न्यावे हा एक संकोच होता. त्यामागे दुसरा, अधिक जुना संकोच होता, आणि त्याविषयी आमच्या घरात पंधरा वर्षे कोणी बोलत नव्हते.

2001 साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. निफाड तालुक्यातच विंचूरला वाइन पार्क झाला. सह्याद्रीच्या पायथ्याशी नवे फ्रान्स उभे राहणार अशी भाषा तेव्हा वर्तमानपत्रांतून होती, आणि खरे सांगायचे तर आमच्याही तोंडी होती. अण्णांनी 2005 साली थॉमसनचे दोन एकर काढून तिथे कॅबर्ने लावली. एका कंपनीशी करार झाला. माळकऱ्याने दारूची द्राक्षे लावली म्हणून गावात कुजबुज झाली, भजनात कोणी टोमणाही मारला. अण्णांचे उत्तर ठरलेले होते: 'मी द्राक्ष लावलंय. दारू वेलाला लागत नाय.' आम्ही तेव्हा नुकतेच इकडे आलो होतो. फोनवरून त्यांना उत्तेजन देणाऱ्यांत, इंटरनेटवरून माहिती काढून कळवणाऱ्यांत आम्ही पुढे होतो, ही गोष्ट इथे नोंदवली पाहिजे.

दोन हंगाम बरे गेले. मग 2008 साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइन कोठारांत तुंबली. 2009च्या फेब्रुवारीत कंपनीची माणसे आली, साखर मोजून गेली, 'अजून चढू द्या' म्हणाली. पुन्हा आली, पुन्हा तेच. मणी वेलावरच सुकू लागले तेव्हा साखर जास्त झाल्याचे कारण निघाले. आदल्या वर्षीची बाकी थकलेलीच होती. 2010 साली कोणी आलेच नाही. वाइनच्या द्राक्षाला दुसरी वाट नसते. मणी लहान, साल जाड, आत बिया. बाजारात खायला कोणी घेत नाही, बेदाणा होत नाही. त्या एप्रिलात छाटणीची कात्री न घेता अण्णांनी ट्रॅक्टर आणला आणि दोन एकर उपटून काढले. तारा आणि अँगल ठेवले, नवी रोपे लावली, पुन्हा थॉमसनच. ते एकटेच नव्हते. त्या दोनतीन वर्षांत नाशिक जिल्ह्यात कितीतरी बागा अशा निघाल्या. या सगळ्यात त्यांनी आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे आम्हांला तो कधी कबूलही करता आला नाही.

तर आमची यादी एके सकाळी जेवणाच्या टेबलावर राहिली. अण्णा जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले आहेत. इंग्रजी सावकाश पण वाचतात. आम्ही चहा घेऊन आलो तेव्हा कागद त्यांच्या हातात होता. एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारले, 'इथं पण टेस्टिंगला कंपनीवाले येतात का?'

आम्हांला क्षणभर उलगडा झाला नाही. मग कळले. चाखणे आणि तपासणे या दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांचा आपल्या लिपीत आणि आपल्या जिभेवर एकच उच्चार होतो: टेस्टिंग. अण्णांच्या लेखी टेस्टिंग म्हणजे हातात साखर मोजायचे यंत्र घेऊन बांधावर आलेला माणूस. मणी चुरगळायचा, काचेवर थेंब पाडायचा, उजेडाकडे धरून बघायचे, आणि चोवीस ब्रिक्स भरते की नाही यावर वर्षाचा निकाल. आम्ही खुलासा केला की इथे वाइनची चव बघतात, आणि पैसे चव बघणारा देतो. अण्णा हसले. 'मंजे इथं उलटं हाये,' एवढे बोलून त्यांनी कागद खाली ठेवला.

त्या दिवशी आम्ही सगळेच सांगून टाकले. अर्धे सांगितल्याबद्दल चूक कबूल केली, आणि ओघात 2005 सालच्या फोनांचीही. दुसऱ्या कबुलीवर ते काही बोलले नाहीत. पहिलीवर म्हणाले, 'न्यायचं तर न्या. पण तुमच्या यादीत बाग कुठंय? सगळे पत्ते दुकानाचे दिसत्यात.'

त्यांचे खरे होते. कोणती वाइन कोणत्या क्रमाने चाखावी, दुपारचे जेवण कुठे, उन्हात बाटल्या तापू नयेत म्हणून गाडीत काय ठेवावे, याचा आम्ही सविस्तर विचार केला होता. वेलापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. मग अण्णांनी प्रश्न घातले आणि आम्ही उत्तरे शोधू लागलो. खुंट कोणता वापरतात? आमचे वाचन इथे कामी आले. फिलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या बागा मारल्या. मग प्रतिकारक खुंटावर कलमे झाली. पुढे त्यांतल्याच एका लोकप्रिय खुंटाने 1980च्या दशकात दगा दिला आणि हजारो एकर पुन्हा उपटावे लागले. अण्णांची स्वतःची बाग डॉगरिज खुंटावर आहे. तो मूळचा टेक्सासचा रानवेल. आणि ज्याच्या नावाने आपण थॉमसन म्हणतो तो विल्यम थॉमसन इथलाच, सटर परगण्यातला, 1870च्या दशकातला बागाईतदार. तासगावची तास-ए-गणेश आणि सोलापूरची सोनाका याच थॉमसनच्या वंशातल्या. अण्णांनी हे सगळे ऐकून घेतले. 'मंजे खाली पण अमेरिका, वर पण अमेरिका. मधी कलमाची गाठ तेवढी आपली,' ते म्हणाले.

पुढचा प्रश्न: इथे कधी कोणाची बाग बुडाली का? याच ठिकाणी आम्हांला स्टीव्हन्सनचे प्रकरण नव्याने दिसले. फसण्याची त्याने जी नोंद केली ती पुढेही चालूच राहिली. किडीनंतर 1920 साली दारूबंदी आली, ती 1933पर्यंत टिकली. खोऱ्यात वेल काढून आलुबुखार आणि अक्रोड लावले गेले. श्रॅमची वायनरी कितीतरी वर्षे बंद होती, ती 1965 साली दुसऱ्या एका जोडप्याने पुन्हा उभी केली. सात वर्षांनी निक्सन पेकिंगला गेले तेव्हा मेजवानीत तिथलीच फेसाळ वाइन होती. डोंगराच्या पोटातली तिची जुनी तळघरे चिनी मजुरांनी खणली होती, आणि चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा 1882 सालचा. मेजवानीच्या वेळी हे कोणाला आठवले असेल की नाही कोण जाणे.

अलीकडचे बुडणेही आम्ही सांगितले. ऑक्टोबर 2017 मध्ये कॅलिस्टोगाच्या वेशीवर लागलेला वणवा डोंगर ओलांडून सांता रोझा शहरात शिरला. काही दिवसांनी सारे गाव रिकामे करावे लागले. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा आग, पुन्हा गाव रिकामे. त्या वर्षी ज्या बागा जळल्या नाहीत त्यांच्यावरही धूर बसला. धुराचा वास सालीतून वाइनमध्ये उतरतो. मणी दिसायला निर्दोष, साखर पुरेशी, आणि तरीही वायनरींनी कितीतरी माल नाकारला. तपासणीच्या प्रयोगशाळांकडे नमुन्यांची इतकी रीघ लागली की निकाल येईपर्यंत तोडणीची वेळ टळून गेली.

'मंजे टेस्टिंगच,' अण्णा म्हणाले. मग थोडे थांबून, 'मग त्यांचे पैसे कोणी दिले?'

ज्यांनी पीकविमा उतरवला होता त्यांना विम्याने काही दिले, करार पक्का होता त्यांनी भांडून काही मिळवले, उरलेल्यांनी सोसले, असे आम्ही सांगितले. दुःख सगळीकडे सारखेच असते असा काहीसा समारोप आमच्या जिभेवर आला होता. अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून तो आम्ही गिळला. सारखे नसते. इथे वेल उपटल्यावर मागे विमा असतो, राखून ठेवलेली जमीन असते, किमान 75 टक्क्यांचे कलम असते. निफाडला तारा आणि अँगल होते. आमच्या वाङ्मयीन साम्यशोधनाला अण्णांच्या एका प्रश्नाने त्याची जागा दाखवली. या सहलीचे काही फलित आताच हाती आले असेल तर ते हेच.

यादी मग नव्याने झाली. शॅतो माँटेलेना गळाले, श्रॅम्सबर्गही गळाले. स्टीव्हन्सन पुन्हा कधीतरी. गावाबाहेरचे लहानसे ठिकाण तेवढे उरले. त्यांना आम्ही पत्र लिहिले की आमच्यासोबत एक द्राक्ष बागाईतदार आहेत, ते वाइन घेत नाहीत, पण त्यांना बाग, खुंट आणि तोडणी बघायची आहे. कोणी पंधरा मिनिटे बोलेल काय? तिसऱ्या दिवशी उत्तर आले. चाखण्याची वेळ अकराची आहे, पण तोडणी रात्री आणि पहाटे चालते, कारण उन्हात तोडलेला घड तापतो. सकाळी साडेसहाला आलात तर बाग सांभाळणारा माणूस भेटेल. उन्हाळ्यातले तापलेले दिवस आणि गारठलेल्या रात्री हे कॅलिस्टोगाचे वैशिष्ट्य आहे, तेव्हा स्वेटर आणावा अशीही सूचना होती. ते वाचून दाखवताच अण्णांनी बॅगेतून मफलर काढून ठेवला. पहिली दिलेली तारीख एकादशीची निघाली, म्हणून आम्ही दोन दिवस पुढची मागून घेतली.

राहता राहिला चाखण्याचा प्रश्न. 2022च्या जानेवारीत महाराष्ट्रात किराणा-सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला आणि 'वाइन म्हणजे दारू का' यावर केवढा गदारोळ उठला होता. आमच्या घरात तो वाद झाला नाही. अण्णांनी माळ घातली आहे, ते घेणार नाहीत, विषय संपला असे आम्ही धरून चाललो होतो. परवा रात्री ताट पुसता पुसता त्यांनी विचारले, 'तिथं कॅबर्ने असंल?'

असेल, म्हटले. खोऱ्यात तीच सर्वांत जास्त.

'मी पाच वर्सं ती पिकवली. तिचं पुढं काय होतं, ते कधी बघितलं नाय.' मग म्हणाले, 'नुसता वास घेतला तर चालतं का?'

माळेच्या दृष्टीने विचारत होते की वायनरीच्या, हे आम्हांला कळले नाही, आणि दोन्ही बाबतींत निर्णय देण्याचा आमचा अधिकार नाही. वायनरीपुरते एवढे सांगता आले की चाखणारे आधी वासच घेतात, आणि चवीचा पुष्कळसा भाग नाकातच असतो. माळेचे त्यांचे त्यांनी ठरवलेले दिसले, कारण पुढे काही विचारले नाही.

काल अर्ज भरला. एकूण माणसे तीन. वाइन चाखणारे किती, असा पुढचा रकाना होता. आमच्यापैकी एक चालवणार, एक चाखणार. वास घेणाऱ्यासाठी अर्जात रकाना नव्हता. बराच वेळ विचार करून आम्ही 'दोन' असे लिहिले आणि अण्णांच्या प्याल्याचेही पैसे भरले. घरून चार वाजता निघायचे आहे. डबा अण्णांच्या सूचनेनुसार भाकरी आणि ठेच्याचा, आणि तो बागेच्या कडेला बसून खायची परवानगी आहे की नाही, तेवढे विचारायचे राहिले आहे.